उंटाच्या नाकात सापडलेलं उत्तर

मदिनत खलीफा हा दोहा शहरातला वर्दळीचा निवासी भाग. उत्तर आणि दक्षिण असे त्याचे दोन तुकडे. कतारी कुटुंबांचे उंच भिंतींचे बंगले, त्यांच्या अधेमधे भाड्याचे फ्लॅट आणि त्या फ्लॅटांमधून भारतीय, फिलिपिनो, इजिप्शियन बिऱ्हाडं. इथल्या रस्त्यांवर उंट दिसत नाही. तो पाहायचा तर दुखानच्या रस्त्याने पश्चिमेला शहानियाला जावं लागतं. तिथे थंडीत उंटांच्या शर्यती होतात. उंटाच्या पाठीवर माणसाऐवजी चिमुकला रोबो असतो आणि मालक धावपट्टीला लागून गाडी पळवत त्याला सूचना देत असतात. पुण्या-मुंबईहून आलेल्या पाहुण्यांना दाखवावी अशी ही गंमत. मात्र शहरात राहणाऱ्याचा उंटाशी संबंध एवढाच, असं २०१२ नंतर म्हणता येईनासं झालं.

त्या वर्षी जूनमध्ये सौदी अरेबियातल्या जेद्दा इथे साठ वर्षांचा एक रुग्ण न्यूमोनियाने दाखल झाला. फुप्फुसांपाठोपाठ मूत्रपिंडंही निकामी झाली आणि तो दगावला. तिथे काम करणारे इजिप्शियन विषाणुतज्ज्ञ अली मोहम्मद झाकी यांनी त्याच्या नमुन्यात ओळखीचे सगळे विषाणू शोधून पाहिले. एकही जुळेना. मग त्यांनी नमुना नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या इरॅस्मस वैद्यकीय केंद्रात पाठवला आणि उत्तर आलं : आजवर कधीच न नोंदलेला कोरोनाविषाणू. झाकींनी २० सप्टेंबर २०१२ रोजी ‘प्रोमेड’ या साथरोगांच्या जागतिक सूचनाफलकावर ही बातमी जाहीर केली. त्यापायी त्यांना सौदीतली नोकरी सोडून मायदेशी परतावं लागलं. परवानगीची वाट पाहत ते गप्प बसले असते, तर पुढची कडी इतक्या लवकर जुळली नसती.

कारण त्याच वेळी लंडनच्या एका अतिदक्षता विभागात एक कतारी रुग्ण मृत्यूशी झुंजत होता. वय ४९. सप्टेंबरच्या सुरुवातीला आजारी पडून तो दोह्यात दाखल झाला आणि प्रकृती ढासळल्यावर हवाई रुग्णवाहिकेने लंडनला हलवला गेला. झाकींची सूचना आल्यानंतर दोनच दिवसांत ब्रिटिश प्रयोगशाळेने त्याचा विषाणू रॉटरडॅमच्या विषाणूशी ताडून पाहिला. तुलना केलेल्या तुकड्यात फरक निघाला फक्त एका अक्षराचा. वेगवेगळ्या देशांतली, एकमेकांना कधी न भेटलेली दोन माणसं एकाच विषाणूने आजारी पडली होती. पुढच्या वर्षी मे महिन्यात या विषाणूला अधिकृत नाव मिळालं. मध्यपूर्वेतला श्वसनविकार घडवणारा तो ‘मर्स’.

पण तो येत होता कुठून? पहिला संशय वटवाघळांवर गेला. त्यांच्यात मर्सचे चुलतभाऊ शोभतील असे विषाणू सापडतातही. पण किती रुग्णांनी वटवाघूळ जवळून पाहिलं असेल? उंट मात्र अनेकांच्या दावणीला होते. ऑगस्ट २०१३ मध्ये ओमानच्या ५० शर्यतीच्या उंटांच्या रक्ताचा अहवाल प्रसिद्ध झाला, आणि पन्नासच्या पन्नास उंटांत मर्सशी जुळणारी प्रतिपिंडं होती. हा पुरावा मोठा, तरी अपुरा. प्रतिपिंडं सांगतात की विषाणू कधीतरी येऊन गेला. तो कोणता होता आणि आज कुठे आहे, हे त्यांच्यावरून कळत नाही. त्यासाठी विषाणूच हाती लागायला हवा.

तो लागला कतारमध्ये. ऑक्टोबर २०१३ मध्ये एकाच उंटशाळेतली दोन माणसं, ६१ वर्षांचा मालक आणि २३ वर्षांचा नोकर, मर्सने आजारी पडली. कतारच्या सुप्रीम कौन्सिल ऑफ हेल्थने तिथे डॉक्टर पाठवले आणि सोबत पशुवैद्यही. सांगायला ही साधी बाब वाटते. पण माणसांचे डॉक्टर एका मंत्रालयाखाली, जनावरांचे दुसऱ्या, आणि फाइल दोन्हींच्या मध्ये कुठेतरी, हा अनुभव जगभरचा आहे. इथे तसं झालं नाही. उंटशाळेतल्या चौदाही उंटांच्या नाकातले स्राव, रक्त आणि विष्ठेचे नमुने काही दिवसांतच रॉटरडॅमला पोहोचले. चौदाही उंटांच्या रक्तात प्रतिपिंडं होती. आणि तीन उंटांच्या नाकात खुद्द विषाणूचा जनुकीय ऐवज सापडला.

पुढचं काम अक्षरं जुळवण्याचं. मर्सचा जनुकीय मजकूर आरएनएच्या सुमारे तीस हजार अक्षरांचा असतो. नमुन्यातला त्याचा अंश इतका थोडा असतो की तसा तो वाचता येत नाही. म्हणून आधी आरएनएचं डीएनए करतात आणि पीसीआर तंत्राने त्या तुकड्याच्या लाखो प्रती काढतात. कोविडच्या काळात घराघरात पोहोचलेली आरटी-पीसीआर ती हीच. त्यानंतर अक्षरांचा क्रम वाचला जातो. विषाणू स्वतःची नक्कल करताना अधूनमधून चुकतो आणि ती चूक पुढच्या पिढ्यांत उतरत जाते. ज्ञानेश्वरीच्या हस्तलिखितांतले पाठभेद पाहून कोणती प्रत कोणत्या प्रतीवरून उतरवली हे संशोधक ठरवतात, तसंच हे. उंटांकडचे आणि त्या दोन माणसांकडचे तुकडे शेजारी ठेवल्यावर ते जवळजवळ एकसारखे निघाले.

तरीही संशोधकांच्या चमूने निष्कर्ष काढताना हात आखडता घेतला, आणि ते योग्यच होतं. अक्षरं जुळली म्हणजे नातं सिद्ध झालं. दिशा सिद्ध झाली नाही. उंटाने माणसाला दिला, माणसाने उंटाला, की दोघांनाही तिसऱ्याच कुणाकडून मिळाला? त्याचा उलगडा त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमधल्या जेद्दाच्या एका रुग्णाने केला. ४४ वर्षांच्या या माणसाकडे नऊ उंट होते. त्यातल्या एका शिंकणाऱ्या उंटाच्या नाकाला तो स्वतःच्या हाताने औषध लावत असे. काही दिवसांत तो आजारी पडला आणि दगावला. त्याच्याकडचा आणि उंटाकडचा विषाणू एकच होता, आणि रक्ततपासणीवरून उंटात तो आधी फिरत होता हेही दिसलं.

एकच विषाणू उंटाला नुसतं सर्दीवर सोडतो आणि माणसाला कृत्रिम श्वासयंत्रापर्यंत नेतो, असं का? अनेक विषाणूंना पेशीत शिरायला पेशीवरचं एक विशिष्ट प्रथिन लागतं. मर्सला लागणारं प्रथिन डीपीपी-४ असल्याचं रॉटरडॅमच्या गटाने मार्च २०१३ मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवलं. त्या शोधनिबंधाचे पहिले लेखक होते स्टॅलिन राज हे भारतीय विषाणुतज्ज्ञ. कतारच्या उंटातून जिवंत विषाणू वेगळा करण्याच्या कामातही ते आघाडीवर होते. उंटात हे प्रथिन नाकाच्या अस्तरात मुबलक असतं. त्यामुळे विषाणू तिथेच वाढतो, शिंकेबरोबर बाहेर पडतो आणि उंट आठवड्याभरात बरा होतो. माणसाच्या नाकात ते जवळजवळ नसतं, असतं खोल फुप्फुसांत. म्हणून माणसाला लागण सहज होत नाही, पण झाली की ती खोलवर होते. मर्स कोविडसारखा जगभर का पसरला नाही, याचंही बरंचसं उत्तर इथेच आहे.

मधुमेहींना डीपीपी-४ हे नाव ओळखीचं वाटेल. सिटाग्लिप्टिन, विल्डाग्लिप्टिन या गोळ्या याच प्रथिनाला आवर घालतात. मग त्या मर्सवरही चालाव्यात! तसं करून पाहिलं गेलं आणि चाललं नाही. गोळी प्रथिनाच्या एका भागाला धरते, विषाणू दुसऱ्याच भागाला चिकटतो.

यानंतर कतारमधला शोध उंटशाळेतून शहरात आला. २०१४ च्या सुरुवातीला दोह्याच्या मध्यवर्ती कत्तलखान्यात आलेल्या १०५ उंटांची तपासणी झाली. त्यातले ६२ विषाणू बाहेर टाकत होते, म्हणजे शंभरातले ५९. ठिकठिकाणचे उंट तिथल्या बाजारात एकत्र बांधले जातात आणि आखडलेल्या जागेत एकमेकांना विषाणू देतात. त्याच सुमारास कतारमध्ये उंटांशी कामाचा संबंध असलेल्या आणि नसलेल्या लोकांच्या रक्ताची तुलना झाली. प्रतिपिंडं सापडली ती फक्त उंटांशी संबंध असलेल्यांत. त्यातल्या बहुतेकांना आपल्याला काही झाल्याची जाणीवही नव्हती.

ही माणसं कोण? आखातातल्या उंटशाळांत आणि कत्तलखान्यांत राबणारे बव्हंशी परदेशी मजूर आहेत : सुदानी, पाकिस्तानी, बांगलादेशी, भारतीय. चार दिवसांच्या तापासाठी कामावर खाडा करून दवाखाना गाठणं त्यांना परवडत नाही. मर्सच्या ज्ञात रुग्णांपैकी सुमारे ३६ टक्के दगावले, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. हा आकडा भयंकर आहे, पण तो रुग्णालयापर्यंत पोहोचलेल्यांचा आहे. अंगावर काढणाऱ्यांची गणती त्यात नाही, आणि जनावरांशी सर्वांत जवळीक त्यांचीच असते. संशोधनाने या लोकांकडून रक्त घेतलं. त्यांच्यापर्यंत नेमाने आरोग्यसेवा पोहोचवणं हे मात्र प्रयोगशाळेचं काम नव्हे, सरकारचं आणि मालकांचं आहे.

दुधाचीही तपासणी झाली. एप्रिल २०१४ मध्ये कतारमधल्या ३३ उंटिणींचं दूध स्थानिक पद्धतीने, म्हणजे आधी पिल्लाला आचळाला लावून पान्हा फुटल्यावर, काढण्यात आलं. एका ठिकाणच्या बारापैकी सात उंटिणी विषाणू टाकत होत्या आणि त्यातल्या पाच जणींच्या दुधात विषाणूचा आरएनए मिळाला. तो कासेतून आला, की पिल्लाच्या तोंडातून, की पिळणाऱ्याच्या हातातून? काहीही असो, उपाय एकच आहे. ६३ अंश सेल्सिअसवर अर्धा तास तापवलेल्या दुधात हा विषाणू टिकत नाही. दूध उकळूनच घेणाऱ्या मराठी घरात हे सांगण्याची गरज नाही. पण धारोष्ण दुधाच्या औषधी गुणांवर श्रद्धा असणारे अरबस्तानात आहेत तसे आपल्याकडेही आहेत.

या कथेतलं सर्वांत चक्रावणारं पान जुन्या शीतपेट्यांतून निघालं. सोमालिया, सुदान आणि इजिप्तमधल्या उंटांचे १९८३ ते १९९७ दरम्यान साठवलेले १८९ रक्तनमुने पुन्हा तपासले, तेव्हा ८१ टक्के नमुन्यांत मर्सविरोधी प्रतिपिंडं होती. म्हणजे ‘नवा’ रोग निदान तीस वर्षं उंटांत नांदत होता. नवी होती ती तो ओळखण्याची क्षमता. तो एकदा मोठ्या रुग्णालयात शिरला की काय होतं, हे २०१५ मध्ये दक्षिण कोरियात दिसलं. कतारसह आखातातले चार देश फिरून परतलेल्या एका व्यावसायिकापासून सुरू झालेल्या साखळीत १८६ जणांना लागण झाली आणि ३८ मृत्यू झाले. त्या देशाचा उंटांशी काही संबंध नव्हता. संबंध होता गर्दीने भरलेल्या तातडीच्या विभागांशी आणि भेटायला येणाऱ्या नातेवाइकांशी.

आखातातली ही गोष्ट सिंधुदुर्गातल्या वाचकाला परकी वाटणार नाही. १९५७ मध्ये कर्नाटकातल्या शिमोग्याजवळच्या क्यासनूर जंगलात माकडं मरू लागली आणि पाठोपाठ माणसं तापाने फणफणली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, विषाणू वेगळा केला आणि तो गोचिडींतून पसरतो हे दाखवलं. हाच माकडताप २०१६ मध्ये दोडामार्ग तालुक्यात केर गावाच्या परिसरात येऊन ठेपला. गोव्याच्या सत्तरीतही काजूच्या हंगामात बागांत जाणाऱ्यांना तो गाठतो. तिथे मेलेलं माकड हीच पहिली सूचना असते. तिची खबर वनखात्याकडून आरोग्य केंद्राला त्याच दिवशी गेली, तर माणसं वाचतात. नागपूरच्या राष्ट्रीय ‘वन हेल्थ’ (म्हणजे माणसांचं आणि जनावरांचं ‘एकच आरोग्य’) संस्थेची पायाभरणी डिसेंबर २०२२ मध्ये झाली ती याच विचाराने. पण संस्था उभी राहणं वेगळं आणि वनरक्षकाचा फोन आरोग्यसेविकेने उचलणं वेगळं.

मर्सवर माणसांसाठी मान्यताप्राप्त लस अजून नाही. उंटांसाठी एक आशादायक प्रयोग मात्र झाला आहे. देवीच्या लशीत वापरल्या जाणाऱ्या निरुपद्रवी विषाणूवर मर्सचं काटेरी प्रथिन बसवून केलेली लस उंटांच्या नाकात आणि स्नायूत दिली, तर ते फारच कमी विषाणू बाहेर टाकतात, असं २०१५ च्या अखेरीस ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झालं. विज्ञान इथवर पोहोचलं. अडलं ते व्यवहारात. ज्या रोगाने उंट फक्त शिंकतो, दूध घटत नाही, शर्यत हरत नाही, त्याच्या लशीवर मालकाने पैसे का घालावेत? फायदा दुसऱ्या माणसाचा आणि खर्च आपला. ही गाठ सरकारी तिजोरीनेच सुटू शकते, आणि आखाती देशांना ती परवडणारी आहे.

उंटांना सीमाही कळत नाहीत. जून २०१७ मध्ये शेजाऱ्यांनी कतारशी संबंध तोडले, तेव्हा सौदीच्या कुरणांत चरणारे हजारो कतारी उंट अचानक हाकलून परत पाठवले गेले. त्या घडामोडीची बातमी राजकारणाची झाली. तिच्याकडे साथरोगाच्या नजरेनेही पाहायला हवं होतं.

२०२२ च्या विश्वचषक फुटबॉल स्पर्धेच्या सुमारास युरोपातल्या वृत्तपत्रांनी ‘उंटाचा ताप’ म्हणून बरीच आरडाओरड केली. त्याच वर्षी वसंतात कतारने दोन मर्सरुग्ण नोंदवले होते, आणि दोघांचाही उंटांशी संबंध आला होता. घाबरून शर्यत पाहायला न जाण्याचं कारण नाही. मदिनत खलीफात राहणाऱ्यांनी आणि त्यांच्याकडे येणाऱ्या पाहुण्यांनी उंटाला हात लावल्यावर साबणाने हात धुवावेत, नाक गळणाऱ्या उंटाजवळ जाऊ नये आणि कच्चं दूध पिऊ नये. मधुमेह, मूत्रपिंडाचा किंवा फुप्फुसाचा जुना विकार असेल, तर उंटांपासून दूरच राहावं, कारण मर्सने दगावलेल्यांत अशा रुग्णांचं प्रमाण मोठं आहे. परतल्यावर चौदा दिवसांच्या आत ताप, खोकला किंवा धाप लागली, तर दोह्यातला असो वा पुण्यातला, डॉक्टरांना आधी सांगा : आम्ही उंटांजवळ गेलो होतो.