शत्रूच्या मृत्यूचा शोक

रामकथा ऐकताना श्रोत्याच्या मनात सहसा संदेह नसतो. रावणाचा पक्ष अधर्माचा. म्हणून त्याचा पुत्र इंद्रजित पडला की श्रोता समाधान पावतो. परंतु एखाद्या कवीने तोच मृत्यू आपल्याला शत्रूच्या घरातून पाहावयास लावला तर? हा प्रश्न १८६१ साली कोलकात्यात प्रसिद्ध झालेल्या ‘मेघनादवध काव्य’ या बंगाली महाकाव्याने उभा केला.

मायकेल मधुसूदन दत्त (१८२४–१८७३) हे त्याचे कवी. कोलकात्याच्या हिंदू कॉलेजात शिकलेल्या मधुसूदनांनी १८४३ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला. होमर, दान्ते, मिल्टन यांच्या काव्यांचा त्यांनी गाढ अभ्यास केला होता. मिल्टनप्रमाणे यमकाचे बंधन सोडून त्यांनी ‘अमित्राक्षर’ छंदात नऊ सर्ग रचले.

वाल्मीकिरामायणात लक्ष्मण आणि इंद्रजित यांचे घनघोर युद्ध होते. मधुसूदनांनी हा प्रसंग बदलला. त्यांचा मेघनाद यज्ञागारात निःशस्त्र पूजेला बसला आहे. बिभीषणाच्या संगतीने आणि मायेच्या साहाय्याने लक्ष्मण आत शिरतो. मेघनादाला शस्त्र आणू दिले जात नाही. तो पूजेची पात्रेच फेकून प्रतिकार करतो आणि मारला जातो. अखेरच्या सर्गात त्याची पत्नी प्रमीला सती जाते. आपण मराठी वाचक तिला सुलोचना या नावाने ओळखतो. चितेपुढे उभा असलेला रावण तेथे केवळ एक पिता असतो.

मग कवीने दुष्टतेचे समर्थन केले काय? तसे म्हणता येत नाही. पहिल्याच सर्गात रावणाची राणी चित्रांगदा, वीरबाहू या आपल्या पुत्राच्या मृत्यूचा दोष रावणालाच देते. सीतेचे हरण त्याने केले. त्या कर्माचे फळ लंका भोगते आहे. म्हणजे रावणाचा अपराध कवी झाकत नाही. अपराध्याचे दुःखही दुःखच असते, एवढेच तो दाखवतो.

हे पचवणे सोपे नव्हते. रवींद्रनाथ ठाकूर यांनी सोळाव्या वर्षी, १८७७ मध्ये, ‘भारती’ मासिकातून या काव्यावर कठोर टीका केली. पुढे ‘जीवनस्मृती’त त्यांनी ती टीका कोवळ्या वयातील उद्धटपणा मानली. काव्य तेच राहिले होते. वाचक प्रौढ झाला होता.

यावरून आपण काय घ्यावे? काव्य वाचताना दोन प्रश्न वेगळे ठेवावेत : कृत्य योग्य होते का, आणि मृत्यूने कोणाचे काय हरपले? पहिल्याचे उत्तर न्यायबुद्धी देते, दुसऱ्याचे करुणा. अपराध्याच्या मृत्यूवर डोळे पाणावले म्हणून न्यायबुद्धी ढळत नाही. उलट, दोन्ही उत्तरे एकाच वेळी मनात बाळगता येणे, हीच वाचकाची परिपक्वता होय.