गरजेपलीकडची भाषा : प्रौढ वयात वेल्श शिकणारे

वेल्समध्ये २०२१च्या जनगणनेत तीन वर्षे व त्यापुढील वयाच्या लोकसंख्येपैकी १७.८ टक्के, म्हणजे सुमारे ५ लाख ३८ हजार लोकांनी आपल्याला वेल्श बोलता येते अशी नोंद केली. या आकड्याइतकीच महत्त्वाची वस्तुस्थिती अशी, की यांतील जवळजवळ प्रत्येक प्रौढाला इंग्रजीही उत्तम येते. त्यामुळे दुकानात, दवाखान्यात किंवा बँकेत वेल्शवाचून सहसा कोणाचे अडत नाही. तरीही दरवर्षी हजारो प्रौढ, कोणी नोकरी सांभाळून तर कोणी निवृत्तीनंतर, ही भाषा शिकण्यासाठी वर्गात नाव नोंदवतात. व्यवहाराची सक्ती नसलेल्या भाषेकडे माणूस का वळतो, या प्रश्नाचे उत्तर ज्याच्या त्याच्या खासगी आयुष्यात असते; पण या खासगी कारणांवरच त्या भाषेचे सार्वजनिक भवितव्य आज मोठ्या प्रमाणात अवलंबून आहे.

घरातून गेलेली भाषा

सर्वांत जिव्हाळ्याचे कारण बहुधा आजीआजोबांपाशी जाऊन पोहोचते. १९०१ साली वेल्समधील जवळपास निम्मे लोक वेल्श बोलत होते. १९९१पर्यंत हे प्रमाण १८.७ टक्क्यांवर आले. ही घसरण एका कारणाने झाली नाही. १५३६च्या कायद्याने न्यायालये आणि सरकारी पदे यांची भाषा इंग्रजी ठरली होती. पुढे कोळशाच्या खाणींनी दक्षिणेकडील खोऱ्यांत इंग्रजी भाषकांचे लोंढे आणले. १८४७ साली वेल्श न जाणणाऱ्या तीन आयुक्तांनी वेल्समधील शिक्षणाविषयी जो सरकारी अहवाल दिला, त्यात लोकांच्या अज्ञानाचे आणि कथित अनीतीचे खापर त्यांच्या भाषेवर व धर्मपंथावर फोडले होते. निळ्या बांधणीच्या त्या खंडांना वेल्श इतिहासात आजही विश्वासघात म्हणूनच ओळखले जाते. एकोणिसाव्या शतकात अनेक शाळांमध्ये वेल्श बोलताना सापडलेल्या मुलाच्या गळ्यात लाकडी पट्टी अडकवत असत. ‘वेल्श नॉट’ या नावाने ओळखली जाणारी ही प्रथा सर्वत्र नव्हती आणि ती सरकारने आखलेलीही नव्हती. पण इंग्रजी म्हणजे प्रगती आणि वेल्श म्हणजे मागासलेपण हे समीकरण तिने मुलांच्या मनावर पक्के केले. परिणामी अनेक आईवडिलांनी आपसांत वेल्श बोलत राहूनही मुलांशी मात्र जाणीवपूर्वक इंग्रजीच ठेवली.

अशा घरांतील नातवंडे मोठेपणी जेव्हा वेल्श शिकू लागतात, तेव्हा ती परकी भाषा शिकत नसतात. आजीची प्रार्थना, आजोबांची जुनी पत्रे, गावांची आणि शेतांची नावे कानांवर आणि डोळ्यांपुढे होती. फक्त त्यांचा अर्थ हाती नव्हता. मागच्या पिढीने काळजीपोटी आणि दडपणाखाली जे सोडले, ते स्वेच्छेने परत मिळवावे, ही प्रेरणा त्यामागे असते आणि तिच्यात पूर्वजांना दोष देण्याचा भाव क्वचितच आढळतो.

मुलांमागून आईवडील

दुसरे मोठे कारण पुढच्या पिढीचे आहे. पूर्णपणे वेल्श माध्यमाची पहिली प्राथमिक शाळा १९३९ साली अॅबरिस्टविथ येथे खासगी प्रयत्नांतून सुरू झाली, तर स्थानिक शिक्षण प्राधिकरणाने चालवलेली पहिली शाळा १९४७ साली लानेली येथे निघाली. १९७१पासून ‘मुदियाद मेथ्रिन’ या संस्थेने वेल्श माध्यमाच्या शिशुवर्गांची चळवळ उभी केली आणि इंग्रजी बोलणाऱ्या घरांतील मुलेही मोठ्या संख्येने या शाळांत येऊ लागली. मूल घरी येऊन ज्या भाषेत गाणी म्हणते, ती आईवडिलांना कळत नसेल, तर त्याच्या आयुष्याचा एक भाग त्यांच्यासाठी बंद राहतो; तो उघडावा आणि शाळेची भाषा घरातही यावी म्हणून पालक शिकू लागतात. नोकरीचे कारणही याला जोडून येते, कारण २०११च्या कायद्याने वेल्शला अधिकृत दर्जा दिला आणि सार्वजनिक संस्थांवर त्या भाषेत सेवा देण्याची बंधने आली.

बाहेरून आलेले आणि भूमिकेतून आलेले

वेल्सशी रक्ताचे नाते नसलेले शिकणारेही पुष्कळ आहेत. जर्मनीत जन्मलेल्या इजिप्तविद्येच्या अभ्यासक केट बॉस यांनी नाझी राजवटीमुळे मायदेश सोडला, वेल्श विद्वान जे. ग्विन ग्रिफिथ्स यांच्याशी विवाह केला, त्यांची भाषा आत्मसात केली आणि तिच्यात कथा-कादंबरीलेखनही केले. ग्विनेद परगण्यात आजही सुमारे ६४ टक्के लोक वेल्श बोलतात. तिथे राहायला येणाऱ्या माणसासाठी ही भाषा शिकणे हा शेजारधर्माचा भाग ठरतो, कारण त्याच्या एकट्याच्या उपस्थितीने दहा जणांची बैठक इंग्रजीकडे वळू शकते.

काहींचे कारण उघडपणे वैचारिक असते. वेल्श लेखक सॉन्डर्स लुईस यांनी १९६२ साली नभोवाणीवरून भाषेच्या भवितव्याविषयी दिलेल्या व्याख्यानानंतर त्याच वर्षी वेल्श भाषेसाठी लढणारी संघटना उभी राहिली. १९६५ साली लिव्हरपूल शहराच्या पाण्यासाठी कॅपेल केलिन हे वेल्श भाषक गाव धरणाखाली गेले. या घटनांनी अस्वस्थ झालेल्यांना भाषा शिकणे ही आपल्या हातात असलेली सर्वांत साधी कृती वाटली.

शिकण्याची वाट

या प्रेरणांना वळण देणारी व्यवस्था विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घडली. इस्रायलमध्ये नव्याने आलेल्यांना हिब्रू शिकवण्यासाठी ‘उल्पान’ ही सघन, बोलण्यावर भर देणारी पद्धत रूढ झाली होती. तिच्या धर्तीवर १९७३ साली कार्डिफमध्ये वेल्शचा अभ्यासक्रम सुरू झाला. वायव्येकडील समुद्रकाठी दगडखाण बंद पडल्यामुळे ओस पडलेले नान्त गुर्थेर्न हे गाव एका न्यासाने १९७८ साली विकत घेऊन तिथे निवासी भाषाकेंद्र उभारले. आता २०१६पासून राष्ट्रीय केंद्रामार्फत प्रवेश, पाया, मध्यम, उच्च अशा टप्प्यांनी वर्ग चालतात.

वाट मात्र सोपी नाही. मराठीत विभक्तिप्रत्यय लागताना शब्दाचा शेवट बदलतो, तसा वेल्शमध्ये विशिष्ट शब्दांनंतर पुढच्या शब्दाचा आरंभ बदलतो. मांजराला ‘काथ’ म्हणतात. पण ‘तुझे मांजर’ म्हणताना त्याचे ‘गाथ’ होते आणि ‘तिचे मांजर’ म्हणताना ‘खाथ’. शिवाय उत्तर आणि दक्षिण वेल्समध्ये दूध, आजी, आजोबा अशा रोजच्या शब्दांतही फरक आहे, आणि पुस्तकी भाषा बोलीपासून बरीच दूर आहे. केवळ उत्साहावर सुरुवात केलेल्यांपैकी पुष्कळजण म्हणूनच मध्येच थांबतात.

कारण एकाचे, उत्तर दुसऱ्याचे

टिकून राहण्यासाठी लागणारे बळ व्याकरणातून येत नाही, माणसांकडून येते. शिकणारा अडखळताच वेल्श भाषक सौजन्यापोटी इंग्रजीवर येतो, ही अडचण शिकणारे वारंवार सांगतात. त्या सौजन्याने संभाषण सोपे होते, पण शिकणाऱ्याची संधी जाते. हे ओळखूनच जन्मतः वेल्श बोलणारे आणि शिकणारे यांना एकत्र आणणारी ‘कीद’ ही संस्था १९८४ साली स्थापन झाली. तिच्या उभारणीत पुढाकार घेणारे कवी बॉबी जोन्स स्वतः कार्डिफमधील इंग्रजी भाषक घरातले होते आणि शाळेत शिकलेल्या वेल्शमध्येच त्यांनी आयुष्यभर विपुल काव्य लिहिले. उलट, प्रौढपणी वेल्श शिकलेले धर्मगुरू आर. एस. थॉमस यांनी त्या भाषेत आत्मचरित्र लिहिले, परंतु कविता इंग्रजीतच लिहिली. नवी भाषा माणसाच्या अंतर्मनात किती खोल उतरेल, हे सर्वांच्या बाबतीत सारखे नसते. पण दोघांच्याही आयुष्यात ती खरी होती, आणि वेल्श समाजाने दोघांनाही आपले मानले.

वेल्स सरकारने २०५०पर्यंत दहा लाख वेल्श भाषकांचे उद्दिष्ट ठेवले आहे. सरकार वर्ग, शिक्षक आणि सवलती देऊ शकते. शिकण्याचे कारण मात्र ज्याचे त्यालाच सापडावे लागते, आणि ते टिकवण्याची जबाबदारी त्याच्याशी बोलणाऱ्यांवर येते. ज्या भाषेची रोजच्या व्यवहारात सक्ती नाही, ती पिढ्यान्‌पिढ्यांच्या वारशाइतकीच रोज नव्याने केलेल्या निवडीवर जगते. म्हणून अडखळत बोलणाऱ्या प्रौढाला त्याच भाषेत, थोडे थांबून, पूर्ण वाक्यात उत्तर देणारा वेल्श भाषक हा कोणत्याही धोरणाइतकाच त्या भाषेचा आधार आहे.