ऐंशी घरांत न मावणारी मराठी

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. सुरुवात महानगरांतून झाली, पाठोपाठ पुण्याचा नंबर लागला. त्या काळी खाती दोन प्रकारची मिळत. महागड्या खात्यावर चित्रांसकट पाने दिसत, स्वस्तातल्या ‘शेल’ खात्यावर नुसती अक्षरे. विद्यार्थ्यांच्या वाट्याला बहुधा दुसरेच येई. मोडेमची खरखर थांबली की काळ्या पडद्यावर ‘लिंक्स’ नावाचा ब्राउझर उघडायचा आणि माउसला हातही न लावता बाणाच्या कळांनी जगभर फिरता यायचे. जिथे चित्र असेल तिथे चौकटी कंसात ‘इमेज’ एवढा एकच शब्द.

हा लिंक्स १९९२ साली अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठात जन्मला आणि अजून हयात आहे. त्याच्या नव्या आवृत्त्या आजही निघतात. वापरात असलेल्या ब्राउझरांत त्याच्याइतका जुना दुसरा सापडणे कठीण. पण त्याचे वय ही फार मोठी गोष्ट नाही. मोठी गोष्ट अशी, की पान कसे दिसावे हे तो संकेतस्थळाच्या मालकाला विचारत नाही.

मालकाने निवडलेला टाइप, पार्श्वभूमी, जाहिरातींच्या पट्ट्या हे सगळे तो बाजूला ठेवतो. उरलेला मजकूर वाचणाऱ्याच्या खिडकीत ओततो. खिडकी ऐंशी अक्षरांची असेल तर ऐंशीची ओळ, साठची असेल तर साठची. ‘ओ’ दाबले की पर्यायांचे पान येते. दुव्यांना क्रमांक हवेत का, अक्षरसंच कोणता, सगळे तिथे ठरवायचे. याहून खोलात जायचे असेल तर सेटिंगची एक साधी मजकुराची फाइल असते. ती उघडून ओळी बदलायच्या, बस्स. ओळीच्या दोन्ही कडा समान करायची सोयही त्या फाइलीत आहे. आणि तिथे एक बारकावा आहे: ओळीत रिकामी जागा ठरावीक टक्क्यांहून जास्त उरत असेल, तर ती ओळ ताणायची नाही, तशीच सोडायची. ही मर्यादाही वाचणाऱ्याच्या हातात. छापखान्यात खिळे जुळवणारा कंपोझिटर हाच निर्णय नजरेने घेत असे. याच जातकुळीतले आणखीही ब्राउझर आहेत: जपानमधला ‘डब्ल्यूथ्रीएम’ तक्ते नीटनेटके मांडतो, ‘ईलिंक्स’मध्ये समासाची रुंदीसुद्धा आकड्यात सांगता येते.

इथपर्यंत सगळे छान. पण हीच सोय मराठी पानावर वापरून पाहिली की गाडी अडते.

लिंक्स चालतो तो टर्मिनलचा, म्हणजे नुसत्या अक्षरांचा, पडदा हा सारख्या मापाच्या घरांचा तक्ता असतो. एका घरात एक अक्षर, हा मूळ करार. रोमन लिपीला तो सहज मानवतो. आता ‘लक्ष्मी रस्ता’ घ्या. ‘लक्ष्मी’ हा शब्द डोळ्यांना दोनच अक्षरांचा दिसतो, ल आणि क्ष्मी. संगणकात मात्र त्याचे सात तुकडे साठवलेले असतात: ल, क, हलन्त, ष, हलन्त, म आणि दीर्घ वेलांटी. सर्वसाधारण हिशेबात हलन्ताला घर मिळत नाही, वेलांटीला मिळते. म्हणजे पाच घरे. अक्षरे जुळून आली तर जागा उरते आणि शब्दात भोक पडते, जुळली नाहीत तर ‘ल क् ष् मी’ असे विस्कटलेले दिसते. ‘पुणे’ मात्र नशीबवान. उकार आणि मात्रा वरखाली बसतात, त्यांना घर लागत नाही, दोन घरांत गाव मावते! शनिवारवाड्याच्या ‘नि’मधली वेलांटी साठवताना ‘न’च्या मागे असते आणि दाखवताना पुढे यावी लागते. काही टर्मिनल हे सारे बरे जुळवतात, पण घरांचा हिशेब त्यांच्याही पाचवीला पुजलेला. त्यामुळे साठ घरांची ओळ मागितली तर मराठीत ती आखूड भरते, उजवी कड दातरते आणि तक्त्यातले रकाने सरकतात.

गंमत म्हणजे या प्रश्नाशी झुंजायचे काम पुण्यातच झाले होते, तेही वेबच्या आधी. १९८८ साली गणेशखिंडीत सी-डॅक ही संगणक-संशोधन संस्था उभी राहिली. लोकांना तिचा परम महासंगणक आठवतो, पण आयआयटी कानपूरमध्ये मोहन तांबे यांनी आरंभलेले ‘जिस्ट’ तंत्रज्ञानही याच संस्थेत वाढले. संगणकात जिस्टचे कार्ड बसवले की इंग्रजीसाठी लिहिलेले डॉसचे प्रोग्रॅम भारतीय लिप्या दाखवू लागत. साठवायचे उच्चाराच्या क्रमाने, दाखवायचे लिपीच्या क्रमाने, हे त्यामागचे सूत्र. संगणकात भारतीय लिप्या साठवण्याच्या १९९१ च्या ‘इस्की’ या मानकात तेच आहे, आणि युनिकोडमधली देवनागरी इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावर बेतलेली आहे. पुढे चित्रमय पडदे आले, प्रत्येक अक्षराला हवी तेवढी जागा मिळू लागली आणि घरांचा तक्ता मागे पडला. टर्मिनलमधली देवनागरी तिथेच अर्धवट राहिली.

मग आज लिंक्सचा उपयोग काय? सर्व्हरवर काम करणाऱ्यांना तो लागतो, कारण तिथे चित्रमय पडदाच नसतो. संकेतस्थळ बनवणाऱ्यांना तो आरसा दाखवतो: पान लिंक्समध्ये रिकामे दिसले, तर त्यातला मजकूर जावास्क्रिप्टवर अवलंबून आहे हे लगेच कळते. चित्राला पर्यायी वर्णन दिलेले नसेल तर तेही उघडे पडते, आणि ते वर्णन स्क्रीन रीडरवर वाचणाऱ्या अंध व्यक्तीला हवेच असते. मराठी संकेतस्थळे चालवणाऱ्यांनी ही परीक्षा एकदा तरी द्यावी.

निव्वळ वाचकाने मात्र मराठीसाठी टर्मिनलच्या वाटेला जाऊ नये. फायरफॉक्स आणि सफारीत ‘रीडर’ची सोय आहे. पानातला गाळ काढून ती फक्त लेख समोर ठेवते, अक्षराचा आकार बदलू देते. संगणकावरच्या फायरफॉक्समध्ये तर ओळीची रुंदी आणि दोन ओळींतले अंतरही बदलता येते. मराठी वाचताना ते अंतर एक-दोन पायऱ्या वाढवून बघा. वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या मात्रा एकमेकांत अडकत नाहीत.