जुनी हायाबुसा: आकर्षण ३०० च्या वेगाचं नाहीच

१९९९ ची सुझुकी हायाबुसा आठवते ती ताशी ३०० किमीच्या वेगासाठी आणि अर्थात ‘धूम’साठी. पण १२९९ सीसीच्या या गाडीची खरी मजा मधल्या आरपीएमला आहे. सुमारे १३८ न्यूटन-मीटर टॉर्क ७००० आरपीएमलाच मिळतो आणि त्याच्या बऱ्याच खालीही ओढ चांगली असते, त्यामुळे टॉप गिअरमध्ये ८० वर असतानाही गिअर न पाडता ओव्हरटेक होतो. लांब व्हीलबेस आणि वारा कापणारं फेअरिंग यांमुळे गाडी डगमगत नाही. चालवणारा कमी थकतो, आणि टूरिंगमध्ये तेच महत्त्वाचं.

आक्षेप रास्त आहे: पनवेलमध्ये ती चालवायची कुठे? कळंबोलीपासून सुरू होणाऱ्या एक्स्प्रेसवेवर दुचाकींना बंदी, अटल सेतूवरही बंदी. उरतो खोपोलीमार्गे जुना पुणे रस्ता आणि पळस्प्याहून गोव्याकडे जाणारा हायवे. दोन्हीकडे ३०० चा काही उपयोग नाही, पण वर सांगितलेला टॉर्क मात्र रोज कामी येतो. ट्रॅफिकमध्ये मांड्या भाजतात, सुमारे २५० किलोचं धूड मागे ढकलताना घाम फुटतो आणि उंच स्पीडब्रेकरला पोट घासतं, हेही खरंच. रोज स्टेशनला जायला ही गाडी नकोच.

घेणार असाल तर २००१ नंतरचं मॉडेल बघा. आधीच्या गाड्यांची ॲल्युमिनियमची मागची सबफ्रेम लोडने तडकायची, म्हणून पुढे ती स्टीलची केली. पहिल्या पिढीत एबीएस नाही. कस्टम्सचे कागद आणि आरसी तपासल्याशिवाय टोकन देऊ नका.