मासा खात नाही? आधी पाणी बघा

फिश टँकमध्ये दाणे टाकले की एरवी काचेशी धावत येणारा मासा एक दिवस कोपऱ्यात नुसता उभा राहतो. दाणे तरंगतात, मग तळाशी जातात. मुले कावरीबावरी होतात आणि घरातले कोणीतरी म्हणते, "आणखी थोडे टाकून बघू." नेमके हेच करायचे नसते. न खाल्लेले अन्न पाण्यात कुजते आणि त्यातून अमोनिया तयार होतो. तो डोळ्यांना दिसत नाही, पण माशाचे कल्ले जाळतो. निरोगी, वाढ झालेला मासा काही दिवस उपाशी राहू शकतो. खराब पाण्यात मात्र तो फार काळ तग धरत नाही.

थंडी आणि उन्हाळा

मुंबईहून लखनऊला राहायला आलेल्या कुटुंबांना पहिला धक्का इथल्या हिवाळ्यात बसतो. मुंबईत बहुतेक वेळा हीटरशिवाय भागते. लखनऊत जानेवारीच्या रात्री पारा १० अंशांच्या खाली उतरतो. माशाच्या शरीराचे तापमान पाण्याप्रमाणे बदलते. पाणी गार झाले की त्याचे पचन मंदावते आणि भूक मरते. गप्पी, एंजल, फायटर यांना साधारण २४ ते २८ अंशांचे पाणी मानवते, म्हणून थर्मोस्टॅट असलेला हीटर लावा. तापमान हळूहळू वाढवा, गरम पाणी एकदम ओतू नका. गोल्डफिश थंडी सोसतो, पण त्या दिवसांत त्याचे खाणे कमी करा.

मे-जूनमध्ये उलटे होते. पारा चाळिशीपार जातो आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. मासा पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करू लागला, तर एअर पंप वाढवा आणि टँक उन्हापासून दूर ठेवा. वीज जात असेल तर पंपाला इन्व्हर्टरची जोड द्या.

आज काय कराल?

थर्मामीटर पाहा. तळाशी पडलेले अन्न काढून टाका. ॲक्वेरियमच्या दुकानात मिळणाऱ्या टेस्ट किटने अमोनिया तपासा, तो शून्य असायला हवा. नसेल तर पाव टँक पाणी बदला. नवे पाणी टँकमधल्या पाण्याइतकेच कोमट असावे. नळाच्या पाण्यातले क्लोरीन माशांना घातक असते, म्हणून आधी क्लोरीन काढणारे औषध घाला.

सगळे पाणी एकदम बदलू नका. फिल्टरचा स्पंजही नळाखाली घासू नका. अमोनिया संपवणारे उपयोगी जिवाणू त्याच स्पंजवर राहतात. टँकमधून काढलेल्या पाण्यात तो हलकेच पिळून घेतला की पुरे. नव्या टँकमध्ये हे जिवाणू वाढायला ४ ते ६ आठवडे लागतात. म्हणूनच नवीन टँकमधले मासे लवकर आजारी पडतात.

प्रत्येक उपास आजाराचा नसतो

नवा आणलेला मासा दोन-तीन दिवस बुजलेला असतो. दिवा मंद ठेवा, लपायला झाडे द्या. काही सिक्लिड जातींची मादी अंडी तोंडात उबवते आणि त्या काळात जवळजवळ काहीच खात नाही. काही मासे रात्रीच खातात. उत्तर प्रदेशचा राज्य मासा चितळ हा त्यांपैकीच एक. अशा माशांना दिवे मालवल्यावर खायला द्या. दांडगा जोडीदार खाऊ देत नसेल, तर दोघांना वेगळे करा.

लखनऊतच १९८३ साली स्थापन झालेला राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरो आहे. तिथले गंगा ॲक्वेरियम मुलांना दाखवण्यासारखे आहे. निरोगी मासा कसा पोहतो, कल्ले कसे हलवतो, हे तिथे निवांत पाहिलेले मूल घरातला मासा बिघडला की लवकर ओळखते.

जाणकारांकडे कधी जावे?

अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके, उभे राहिलेले खवले, फुगलेले पोट किंवा झडणारे पंख दिसले, तर वाट पाहू नका. मासा शक्यतो वेगळ्या भांड्यात ठेवा आणि पशुवैद्यांना दाखवा. अंदाजाने अँटिबायोटिक टाकू नका, त्याने फिल्टरमधले उपयोगी जिवाणूही मरू शकतात.

पाणी सुधारले की भूक बहुधा परत येते. तेव्हा दोन मिनिटांत संपेल एवढेच अन्न द्या. दाण्यांचा डबा महिनोन्महिने उघडा पडला असेल तर नवा आणा. गोल्डफिशला बद्धकोष्ठ वाटत असेल तर उकडलेल्या मटाराचा साल काढलेला चिमूटभर गर द्या. आणि दाणे टाकायचे काम घरातल्या एकाच व्यक्तीकडे सोपवा. आजी, बाबा आणि ताई या तिघांनी प्रेमाने भरवलेला मासा अनेकदा उपाशी नसतो, त्याचे पोट भरलेले असते.