वायरमनचा बल्ब

जुनी गाडी घेतल्यावर पहिल्या मोठ्या पावसात डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो, दोन दिवस राहतो आणि आपसूक विझतो. गॅरेजात नेली की नेमका लागत नाही. अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत, गाड्यांच्या वायरमनकडे येणारं सगळ्यांत चिवट काम हेच. इंजिन उघडणारा मेकॅनिक वेगळा आणि वायरिंग पाहणारा वायरमन वेगळा, ही आपल्याकडची जुनी वाटणी. स्कॅनर आल्यापासून ती पुसट होऊ लागली, कारण गाडीचा कॉम्प्युटरच दोष सांगतो असा समज पसरला. मुंबईत २०१० साली भारत स्टेज ४ चे नियम आले, २०१३ पासून नव्या गाड्यांत ओबीडीचा, म्हणजे गाडीने स्वतःचे दोष ओळखण्याच्या यंत्रणेचा, दुसरा टप्पा आला, २०१९ पासून एबीएस सक्तीचं झालं. आज सेकंडहँड बाजारात फिरणाऱ्या बहुतेक गाड्या याच पिढीतल्या आहेत. तरीही येणाऱ्या-जाणाऱ्या दोषापुढे स्कॅनर अर्धंच उत्तर देतो. उरलेलं अर्धं वायरमनच्या टेस्ट लॅम्पमध्ये, म्हणजे दोन वायरींच्या टोकाला लावलेल्या साध्या बल्बमध्ये आहे.

स्कॅनरचा कोड ही तक्रार असते, निदान नव्हे. ‘पुढच्या डाव्या चाकाच्या सेन्सरचा सिग्नल नाही’ असं तो सांगतो. पण सेन्सर मेला, वायर घासली, कपलरमध्ये पाणी शिरलं की अर्थिंग सैल झालं, हे त्याला कळत नाही. कोडमध्ये सेन्सरचं नाव असतं, म्हणून सेन्सर बदलला जातो. बदलताना कपलर काढून पुन्हा बसवला जातो, त्या हालचालीने कॉन्टॅक्ट तात्पुरता जुळतो, दिवा विझतो आणि निदान बरोबर होतं असं सगळ्यांनाच वाटतं. पुढच्या पावसात तोच दिवा परत येतो. मल्टिमीटरही इथे फसवतो, आणि ते का हे समजून घेण्यासारखं आहे. चांगला मीटर मोजताना सर्किटमधून जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. त्यामुळे वायरीच्या तीसपैकी एकोणतीस तारा कुजल्या आणि एकच शाबूत राहिली, तरी मीटर बिनदिक्कत बारा व्होल्ट दाखवतो. त्याच वायरीवर २१ वॅटचा बल्ब लावला की तिला जवळपास पावणेदोन अँपिअर वाहून न्यावे लागतात. दुखरी वायर असेल तर बल्ब मंद लागतो, आणि वायर हाताने हलवत गेलं तर नेमक्या कुठल्या जागी तो फडफडतो तेही दिसतं. वायरीला ओझं देऊन विचारायचं, ही या साध्या साधनामागची अक्कल मला फार मोलाची वाटते.

आपल्या उपनगरांत ही अक्कल जास्तच लागते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तो दिवस अपवादाचा; पण अंधेरी सबवे आणि मिलन सबवे त्याहून कितीतरी कमी पावसातही भरतात. कार्पेटखाली एकदा शिरलेलं पाणी वायरीच्या आवरणाआतून तारांच्या फटींत ओढलं जातं आणि कपलरपासून लांब तांब्याला हिरवा गंज चढवतं. त्यात खारी हवा, उघड्या पार्किंगमधले वायर कुरतडणारे उंदीर, आणि आधीच्या मालकाने कॅमेरा, हॉर्न किंवा सीएनजी किटसाठी मूळ वायर सोलून मारलेले, नुसती टेप गुंडाळलेले जोड.

बल्ब लावल्याने कॉम्प्युटर जळेल, हा आक्षेप खरा आहे. एअरबॅगच्या सर्किटला टेस्ट लॅम्प कधीच लावायचा नाही. एअरबॅग फुटू शकते. सेन्सरच्या नाजूक वायरींनाही नाही. पण तिथेही तत्त्व तेच राहतं, फक्त ओझं गाडीचं स्वतःचं वापरायचं. हेडलाइट आणि ब्लोअर चालू ठेवून बॅटरीच्या निगेटिव्हपासून बॉडीपर्यंत मीटर लावावा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं, तर सेन्सर मागवण्याआधी अर्थिंगचा बोल्ट खोलून घासायला हवा.

दुसरा आक्षेप अशा निदानात जाणाऱ्या वेळेच्या पैशाचा आहे, आणि त्याला माझ्याकडे सोपं उत्तर नाही. चांगला वायरमन आधी विचारतो, दिवा लागतो कधी? आरेतल्या वळणांवर ब्रेकचा लाल दिवा क्षणभर लागत असेल, तर तो वायरिंगला हात लावण्याआधी ब्रेक ऑइलची टाकी पाहतो. ऑइल खाली गेलं की वळणावर ते एका बाजूला सरतं आणि फ्लोट बुडी मारतो. ऑइल खाली जाण्याचं नेहमीचं कारण झिजलेले पॅड. गळती असेल तर मामला अधिक गंभीर. नुसतं ऑइल भरलं की दिवा विझतो आणि इशारा दडपला जातो. असं निदान म्हणजे प्रश्न, वाट पाहणं आणि पाइपने पाणी मारून पावसाची नक्कल करणं. यात तास जातात आणि शेवटी बदललेला पार्ट एकही नसतो. ‘काय बदललं?’ या प्रश्नाला ‘एक बोल्ट घासला’ हे उत्तर दिलं, तर गिऱ्हाईक मजुरीवरून घासाघीस करतं; नवा सेन्सर दाखवला की निमूट पैसे मोजतं. गाडी विकणाऱ्यालाही हेच सोयीचं पडतं: कोड पुसायला मिनिट पुरतं, आणि येणारा-जाणारा दोष टेस्ट ड्राइव्हच्या अर्ध्या तासात सहसा तोंड दाखवत नाही. म्हणून घेणाऱ्याने एवढं तरी पाहावं: इग्निशन ऑन केल्यावर एअरबॅगचा दिवा लागून विझायला हवा. तो मुळात लागतच नसेल, तर कुणीतरी त्याचा काटा काढला असण्याची शक्यता धरून, सौदा करण्याआधी गाडी वायरमनकडे न्यावी आणि त्याच्या वेळेचे पैसे आधीच ठरवावेत.