नको होत्या त्या लेकी

२००१च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटातल्या हजार मुलग्यांमागे फक्त ८३९ मुली होत्या. राज्याचा आकडा तेव्हा ९१३ होता. ऊस, दूध आणि फाउंड्र्यांनी इथं पैसा आणला होता आणि पैशामागून सोनोग्राफीही तालुक्याच्या गावी पोचली होती. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा कायदा महाराष्ट्राने १९८८मध्ये, देशात सर्वांत आधी केला. तरी हे घडलं. राजर्षी शाहूंचं नाव सांगणाऱ्या जिल्ह्यात घडलं, याची मला आजही लाज वाटते.

त्या मोजणीतली मुलं आता पंचविशी-तिशीत आहेत आणि त्यांचे आई-बाप पन्नाशीत. मुलगा म्हातारपणी सांभाळेल, या हिशेबावर ज्यांनी एवढं केलं, त्यांच्या घरात आज काय दिसतं? मुलगा पुण्यात असेल तर पगार सुरू होऊनही खोलीचं डिपॉझिट बापच भरतो. गावात राहिला असेल तर एकर-दीड एकरावर त्याचं लग्न जमत नाही. मुळात मुली कमी, आणि ज्या आहेत त्यांना शेतकरी नवरा नको. मग पंचावन्नाव्या वर्षीही आई त्याचा डबा करते आणि गाडीचा हप्ता ऊसबिलातून जातो. या मुलांना मी दोष देत नाही. त्यांच्यावर टाकलेला भार त्यांच्या जन्माआधीच ठरला होता.

जन्मलेल्या मुली मात्र शिकल्या. दर दहा दिवसांनी येणाऱ्या दूधबिलातून आयांनी त्यांच्या फिया भरल्या. आज आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं की रजा टाकून येते ती लेक. विम्याचा हप्ता, फोनचं रिचार्ज, डॉक्टरांची फाईल सगळं तिच्याकडे, आणि तेही सासरचं सांभाळून. विवाहित मुलीवरही आई-बापांच्या पोटगीची जबाबदारी येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८७मध्ये कल्याणच्या एका खटल्यात स्पष्ट केलं होतं. २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानेही मुलगा-मुलगी असा भेद ठेवला नाही. पण या लेकी कायदा वाचून येत नाहीत.

वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला समान हक्क राज्याने १९९४मध्येच दिला. तरीही वाटणीची वेळ आली की बहिणीला दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नेऊन हक्कसोडपत्रावर सही घेतात. माहेर तुटू नये म्हणून ती करते. हे मला सरळ अन्यायाचं वाटतं, आणि तो थांबवणं पन्नाशीतल्या आई-बापांच्याच हातात आहे. हातपाय चालतात तोवर, स्वतःच्या तोंडाने पोरांसमोर त्यांनी लेकीचा वाटा सांगितला पाहिजे.

मुलींच्या जन्माच्या बाबतीत मधल्या काळात काही बदललंही. २००९-१०च्या सुमारास जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख यांनी सोनोग्राफी यंत्रांना प्रत्येक तपासणीची नोंद ठेवणारे ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ बसवायला लावले. २०११मध्ये राज्याचा आकडा ८९४वर घसरला, कोल्हापूरचा मात्र ८६३वर चढला. त्या मोजणीतल्या मुली आता दहावी-बारावीत, काही पदवीच्या वर्गात आहेत. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर २०२४-२५पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांची त्यांची फी राज्य सरकार भरतं. पुण्यातल्या खोलीचं भाडं आणि मेस अजून आईच्या दूधबिलावरच आहे.